लाल लोकरीचा पहारा

मी संशयी नाही. बावीस वर्षं शाळेत शिकवते आहे, त्यामुळे समोरचा गप्प बसला की याने काहीतरी केलंय आणि भडाभडा बोलायला लागला की काहीतरी लपवतोय, एवढं मला कळतं, बस्स.

आम्ही राहतो परभणीत, शेत ताडकळसजवळ. ते किसनभाऊ निम्म्या वाट्याच्या बटईनं करतात. त्यांचं स्वतःचं रान आमच्या बांधाला लागूनच. दर हिवाळ्यात ते हुरड्याच्या ज्वारीच्या थोड्या ओळी बांधाच्या एका अंगाला आमच्यासाठी पेरतात आणि दुसऱ्या अंगाला स्वतःसाठी. आता सांगा, एकच माणूस, एकच बियाणं, मध्ये हातभर बांध! (माझ्या जागी तुम्ही असता तर?) दोन वर्षांपूर्वी आमच्या वाट्याला आली फक्त एक पाटी कणसं. "औंदा भरलीच न्हाईत, वैनी," किसनभाऊ म्हणाले. आणि त्याच वेळी बांधापलीकडं त्यांच्या आगटीभोवती दहा पाहुणे बसून गरम कणसं चोळत होते!

नेमकी तेव्हाच पुण्याहून माझी नणंद आणि नंदावा आलेले. जाताना नणंद म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडचा हुरडा फोटोत छान दिसतो हो." ते वाक्य मी वर्षभर उराशी बाळगलं. मागच्या नाताळच्या सुट्टीत दोघं पुन्हा यायचे होते. या वेळी त्यांच्यापुढं पाट्यांची रास लागली नाही, तर माझं नाक गेलंच म्हणून समजा.

म्हणून त्याच्या आधीच्या रविवारी मी स्वेटरची उरलेली लाल लोकर पिशवीत भरली.

"हे काय?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"खूण. आपल्या कणसाकणसाच्या देठाला धागा बांधते. त्यांच्या पाटीत धागा निघाला की चोर सापडला!"

"अगं, किसनभाऊ बारा वर्षं आपलं शेत करायलेत. रुसले तर दुसरा माणूस मिळायचा नाही!"

"चोर रुसला तर रुसू दे."

नेहमीचा रस्ता उकरून ठेवलेला (तो असतोच), म्हणून आम्ही कालव्याकडून गेलो. ह्यांनी गाडीत बसून डुलकी काढली. मी बांधाच्या अलीकडच्या ओळींत शिरले आणि दोन तास वाकून धागे बांधले. कंबर मोडली, पण मन शांत झालं.

बुधवारी किसनभाऊंचा फोन. "वैनी, पाव्हण्याला घेऊन आमच्याकडंच या हुरड्याला. जेवणबी हितंच."

"तुमचा कशाला? आमचा आहे की!"

पलीकडं शांतता. मग, "न्हाई... या तर खरं."

शांतता! मी ह्यांच्याकडं बघून मान हलवली. ह्यांनी वर्तमानपत्रात तोंड घातलं.

पुढच्या सोमवारी पाहुण्यांना घेऊन आम्ही पोचलो तेव्हा आगटी पेटलेली. किसनभाऊंच्या बायकोनं, शांताबाईनं, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ पुढं मांडला. पण दोघंही स्वतः दाणा तोंडात टाकेनात! "तुमी घ्या आधी, तुमी घ्या." नंदाव्यांनी चार मुठी रिचवल्या. किसनभाऊ त्यांच्या तोंडाकडं टक लावून.

"कसं वाटायलंय, पाव्हणं?"

"फर्स्टक्लास!"

"पोटात काई?"

"पोटात अजून लय जागा आहे!"

तोवर मी कणसांची पाटी उचकत होते. आणि देठाला गुंडाळलेला लाल धागा माझ्या बोटाला लागला! मी उठून उभी राहिले. "किसनभाऊ, हे काय आहे?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

"तुमाला... मालूम हाय हे?"

"मालूम? मीच बांधलेत ते!"

शांताबाईच्या हातातली वाटी पडली. "बाई गं! करणी तुमी केली व्हय?"

आता पांढरं पडायची पाळी माझी. झालं होतं ते असं: सोमवारी सकाळी उभ्या पिकात लाल धागे बघून घरात रडारड झाली. लिंबं उतरवली. सुनेला रानात यायची बंदी झाली. आणि चुलतभावानंच हे केलं असणार म्हणून किसनभाऊ त्याच्याशी कडाकडा भांडून आले!

"म्हणून पहिला घास आमच्या ह्यांना?" नणंदेनं अगदी थंडपणे विचारलं. नंदाव्यांची पाचवी मूठ हवेतच थांबली.

"तसं न्हाई, ताई," किसनभाऊ खाली बघत म्हणाले. "शिकल्यासवरल्या माणसाला लागत न्हाई म्हणत्यात."

"ते राहू द्या!" मी ओरडले. "माझे धागे तुमच्या पाटीत आले कसे?"

"आमच्या ज्वारीचं कणीस आमच्या पाटीत न्हाई यायचं तर कुठं जायचं, वैनी?"

आमचे हे खाकरले. "कालव्याकडून आलं की अलीकडं त्यांचं रान येतं," एवढंच बोलून ह्यांनी आभाळाकडं पाहिलं.

"मग आमच्या ओळी?"

"आठ दिस झाले, करणीवाला परत यील म्हणून आमी सगळे हिकडंच राखणीला," किसनभाऊ ओशाळून म्हणाले. "तिकडं पाखरांनी साफ केल्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिथंच हात जोडून माफी मागितली. मग चुलतभावाच्या घरी जाऊन त्याचीही मागितली (तो मला ओळखतही नव्हता). किसनभाऊ रुसले नाहीत. उलट नणंदेच्या गाडीत त्यांनी दोन पाट्या कणसं भरून दिली. आदल्या वर्षीच्या एका पाटीचं विचारायची हिंमत मग मला झाली नाही.

परवा त्यांचा फोन आला. "वैनी, एक सांगू का? गेल्या साली ते लाल धागे हालायचे ना, आमच्याकडं एक पाखरू बसलं न्हाई बघा. औंदा सुट्टीत तुमीच या. लोकर बी नको. नुसतं हुबं राहा."

म्हणजे शाळेत परीक्षेला पर्यवेक्षिका आणि शिवारात बुजगावणं! काम तेच, ओळींमध्ये उभं राहून संशयानं बघायचं. फरक एवढाच, पाखरं तरी घाबरतात.