दिवे लागले की गिरणी बंद

चालत्या धंद्याला स्वतःच्या हाताने खीळ घालणारा माणूस अख्ख्या मुळशी खोऱ्यात एकच होता, आणि तो माझा सख्खा मामा होता. धरणाचं काम चालू होतं तेव्हा मजुरांच्या छावणीसाठी एक लहानसं वीजघर उभारलं होतं. त्याच तारेवर मामाची भाताची गिरणी, शेजाऱ्याची लाकूड कापायची करवत आणि छावणीचा दवाखाना. संध्याकाळी छावणीत दिवे लागले की वीज पुरेनाशी होई आणि सगळीकडचे दिवे मिणमिणू लागत. करवतवाला खुशाल लाकूड कापत राही. मामा मात्र भर गिऱ्हाइकीत पट्टा उतरवून ठेवी. ताम्हिणीहून गाडी जुंपून आलेला म्हातारा थक्क होऊन बघत बसे. मामा त्याला गुळाचा चहा पाजून सांगे, "दिव्याचा जीव चाललाय, पाव्हणं. सकाळच्याला वीज रिकामी आसती, तवा भरडू." मामी आतून म्हणे, "रिकामं ह्यांचं डोस्कं हाय."

पण आम्ही खरे हादरलो ते त्याच्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. गावाचं भात भरडून देता देता घरचं मागे राहिलं होतं. ते संध्याकाळी कसंबसं गिरणीत पडलं, व्याही दारात उतरले, आणि दवाखान्याचा कंपाउंडर धापा टाकत आला. दगडाखाली पाय सापडलेल्या मजुरावर डॉक्टर शस्त्रक्रिया करत होते आणि दिवा विझू विझू झाला होता. मामाने गिरणी थांबवली आणि तो करवतवाल्याकडे गेला. तो ऐकेना, तेव्हा मामा करवतीपुढच्या ओंडक्यावर सरळ आडवा झाला आणि म्हणाला, "आता काप." करवत थांबली.

घरी व्याह्यांनी विचारलं, "तांदूळ कुटं हाय?"

"कांडतोय की," म्हणत मामाने मुसळ उचललं. पुरुषमाणसाने भात कांडलेलं आमच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. मामीने कपाळाला हात लावला. शेवटी बघवेना म्हणून व्याह्यांनीच दुसरं मुसळ घेतलं. लग्नाच्या भातात कोंडा लागला, पण मजुराचा पाय वाचला, आणि त्यानंतर करवतही दिवेलागणीला थांबू लागली.

पुढे धरण भरलं, छावणी उठली, वीजघर मोडलं आणि गिरणी बंद पडली. धरणाच्या पाण्यावर घाटाखाली वीज तयार होई आणि तिथूनच ती मुंबईला जाई. आमच्याकडे तिचा एक दिवाही लागला नाही. एकदा अंधारात ओट्यावर बसलेला मामा म्हणाला, "ममईत सांजच्याला दिवं लागल्याव कुनी गिरणी थांबिवतं का रं?"

मी मुंबई पाहिलेली नव्हती. "थांबवतात, मामा," मी म्हणालो. त्याला फार बरं वाटलं.