आमच्या सरकारांवर पूर्ण विश्वास

शब्द न बदलता वाक्य म्हणायचं, यावरच आम्हा भावंडांचं पोट चाललं. मी रंगमंचावर आणि धाकटी बहीण दारोदार, सर्वेक्षणाचे फॉर्म भरत. वीस देशांत तेच प्रश्न विचारून अभ्यासक त्या देशांची तुलना करत. प्रश्न समजावून सांगितला, तर काम जायचं.

एकदा तिने चौथ्या मजल्यावरच्या आजींना विचारलं, "तुमचा सरकारवर किती विश्वास आहे?"

आजींनी आतल्या खाटेकडे पाहिलं. "आमच्या सरकारांवर? पूर्ण! गोळ्या तेवढ्या उशीखाली लपवतात."

"चुगलीखोर!" खाटेवरून आवाज आला.

बहिणीने "पूर्ण" वर खूण केली आणि जिना उतरू लागली. पण नवऱ्यावरची माया देशाच्या नावावर कशी लिहायची? ती अर्ध्यातून परतली.

"आजी, मी मंत्र्यांबद्दल विचारत होते हो."

"अगंबाई! त्यांना मी कुठे ओळखते?"

तिने उत्तर बदललं आणि आपण नियम मोडल्याचं समासात स्वतःच लिहिलं.

साहेबांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "बाई, तुमचं काम जात नाही. पण याआधीच्या साठ आजींचं काय?"

माझी वेडी बहीण ते साठही जिने पुन्हा चढली.