पारूकाकूचं अंगण

माझ्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे देशाच्या महिला क्रिकेट संघाच्या कप्तानाबद्दल मी लिहायला बसावं, हा आगाऊपणाच आहे. माफ करा.

पण सुमनताई आमच्याच गल्लीतली. गुडघा दुखावला, कप्तानपद गेलं, आणि ती गावी आली. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला गल्लीतल्या पोरांशी खेळताना पाहिलं. आमच्याकडे चेंडू पारूकाकूच्या अंगणात गेला की आउट, आणि काकू तो परत देत नाही. ताईचा फटका नेमका तिथेच गेला. तिला आउट कोण म्हणणार?

भिंतीआडून काकूच ओरडली, "कप्तान असशील टीव्हीत! इथं आउट!"

"आउटच की, काकू," म्हणत ताईने हसून बॅट ठेवली आणि लंगडत फिल्डिंगला गेली. पुन्हा पाळी आली तेव्हा तिने प्रत्येक चेंडू जमिनीलगत मारला.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला तिला लाज वाटत नव्हती. मग मला का वाटावी? इंग्रजीत नापास झाल्यामुळे मी कॉलेज सोडणार होतो. सुट्टी संपताच परत आलो.

काल आईचा फोन आला. "सुमनला परत कप्तान केलं रे! पारूकाकूनं सगळे चेंडू पोरांना देऊन टाकले."