गाडीची वारस

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. माझ्या मामीचे.

माकणीजवळच्या आमच्या वस्तीवर शाळा चौथीपर्यंतच होती. पुढं शिकायचं म्हणून आईनं मला बेंबळीला मामांच्या घरी सोडलं. मामी तेव्हा नवी नवरी. ती स्वतः सातवी झालेली. पुढं तिच्या वडलांनी शाळा बंद केली होती. संध्याकाळी ती भाकरी थापायची आणि मला म्हणायची, "मोठ्यानं वाच की, मला बी कळू दे." मी पानिपत वाचलं, पचनसंस्था वाचली, बीजगणित सुद्धा मोठ्यानं वाचलं. मध्येच तव्यावरची भाकरी करपायची आणि मामा ओरडायचे, "दोघं बी नापास व्हा आता!" आमच्या दोन्ही घरांत पदवी घेतलेला मी पहिला. ती पदवी निम्मी मामीची आहे, असं मी अजून मानतो.

मी आठवीत असताना मामीला मुलगा झाला. मी त्याला कडेवर घेऊन फिरलो. तो मोठा झाला, सोलापूरला कंपनीत लागला आणि पहिल्या वर्षीच त्यानं पांढरी कार घेतली. चार-पाच महिने चालवली असेल. मग कावीळ झाली, दवाखाना झाला आणि तो गेला. पंचविशी नुकती उलटली होती. लग्न व्हायचं होतं.

गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडात राहिली. मामा रोज सकाळी ती चालू करायचे, बॅटरी बसू नये म्हणून. जराशी घरघर करू द्यायचे आणि बंद करायचे. शेजारची म्हातारी एकदा मला म्हणाली, "सकाळी आवाज आला की वाटतंय निघालं पोरगं कामाला. मग ध्यानात येतंय."

गेल्या वर्षी माझी मुलगी अठराची झाली आणि तिचं लायसन्स आलं. आम्ही तुळजापुरात राहतो, तिचं फार्मसीचं कॉलेज धाराशिवच्या बाहेर हायवेला. सोलापूरहून येणाऱ्या एसट्या भाविकांनी गच्च भरलेल्या असतात. हात केला तरी थांबत नाहीत. मामांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "शेडात उभी करून काय करायची? पोरीला घिऊन जाऊ दे."

आम्ही बेंबळीला गेलो. मुलगी गाडीत बसली, पण तिचे पाय क्लचपर्यंत नीट पोचेनात. तिनं सीट पुढं घ्यायला खाली हात घातला.

"सीट सरकवू नको," मामा एकदम म्हणाले.

"पण आजोबा, पाय पुरत न्हायीत."

"उशी घे पाठीमागं."

मामीनं उशी आणून दिली. पोरगी उशीला टेकून गावाच्या कमानीपर्यंत जाऊन आली. उतरल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "पप्पा, काका मागंच बसलेत असं वाटत होतं." मी तिला गप्प केलं, पण गाडी तिथंच ठेवून परतताना माझीही नजर दोनदा त्या रिकाम्या गाडीकडं गेली.

मी विनाअनुदानित शाळेत शिकवतो. गाडी फुकट मिळत असली तरी नवशिक्या पोरीच्या हातात ती द्यायची तर विमा पक्का हवा, आणि तो मला झेपायला हवा. तुळजापुरात बसस्टँडसमोर, प्रसादाच्या दुकानाच्या माडीवर एका एजंटाचं ऑफिस आहे. त्यानं माझं बोलणं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "सर, पोरीचं वय किती का असेना, लायसन्स खरं असलं की बास. पण गाडी तिच्या नावावर केली तर क्लेम न घेतल्याची जुनी सूट, तो बोनस गेला. फुल इन्शुरन्स दुपटीच्या घरात जाईल. जुनी पॉलिसी कधी संपलीय?"

"संपून पाच-सहा वर्षं झाली असतील. गाडी नुसती उभीच आहे."

मी सांगितलेला गाडीचा नंबर त्यानं कॉम्प्युटरवर टाकला आणि खुर्ची माझ्याकडं फिरवली. "संपलीय कुठं? चालूय की! दरवर्षी भरलीय. क्लेम एकही न्हाय, पन्नास टक्के बोनस. सर, असा ड्रायव्हर जिल्ह्यात सापडायचा न्हाय. याच्याच नावावर राहू द्या. पोरीला चालवू द्या. याच्याइतकं स्वस्त काहीच पडणार न्हाय."

"तो आता नाही," मी म्हणालो.

त्यानं माऊसवरचा हात काढून घेतला. म्हणाला, "मग हा नुसता कागद आहे, सर. क्लेम आला की कंपनी हात वर करणार. गाडी वारसाच्या नावावर करून घ्या. आईवडलांच्या नावावर झाली तर बोनस बी मिळतो, आणि पोरगी चालवू शकते. लग्न झालेलं नव्हतं ना त्याचं? मग पहिली वारस आई."

वारस हा शब्द मी शेकडो वेळा ऐकलाय. शेताच्या कागदावर, पेन्शनच्या कागदावर. आई ही लेकाची वारस होते, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बेंबळीला गेलो. विमा कोण भरतंय हे विचारायचं होतं, पण विचारावं लागलं नाही. मामा बाजेवर बसले होते, मामी शेंगा फोडत होती. कोनाड्यातला मोबाईल वाजला. तो मोबाईल मी ओळखला, त्या पोराचा होता. मामांनी घसा साफ केला, फोन स्पीकरवर घेतला आणि मान ताठ केली.

पलीकडून एका मुलीनं त्याचं पूर्ण नाव घेतलं. "सरांशी बोलू शकते का?"

"हां मॅडम, मीच बोलतोय," मामा म्हणाले.

तो आवाज मामांचा नव्हता. त्यात गावाकडची ओढ नव्हती. तो सोलापूरच्या कंपनीत काम करणाऱ्या पोराचा आवाज होता.

"सर, आवाज बसलाय का तुमचा?"

"सर्दी झाली जरा."

"काळजी घ्या, सर. तुमची पॉलिसी या महिन्यात संपतेय. जन्मतारीख सांगता का?" मामांनी त्याची जन्मतारीख न अडखळता सांगितली. "आणि सर, नॉमिनी आईच आहेत. लग्न वगैरे झालं असेल तर बदलून देते."

मामांनी मामीकडं पाहिलं. "न्हाय. आईच राहू द्या."

मामीच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. फोन बंद झाल्यावर मामा शेडाकडं गेले. मी मामीला म्हणालो, "मामी, हे किती दिवस चालायचं?"

"दरसाल येतोय फोन," ती म्हणाली. "त्यांना कशाला बोलू? साऱ्या वर्षात तेवढंच माझं पोरगं या घरात बोलतंय." मग शेंग फोडून दाणे सुपात टाकत म्हणाली, "तू का आला होतास?"

"सहज," मी म्हणालो आणि पाणी पिऊन निघालो.

घरी येऊन चार दिवस विचार केला. मुलगी रोज विचारत होती, गाडी कधी आणायची. मामा गाडी द्यायला तयार होते, पण गाडीच्या कागदावर आत्ता जिवंत माणूस कुणीच नव्हतं. शेवटी मी मामीला पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं. ते असं होतं:

मामी, पाया पडतो.

हे पत्र मामांना नाही, तुम्हाला लिहितोय. फोन केला तर तो मामाच उचलतात, आणि त्या दिवशी तुमच्यासमोर बसून मला हे बोलता आलं नाही.

मामा गाडीचा जो विमा भरतात तो त्याच्या नावावर आहे. माणूस गेल्यावर तो विमा चालत नाही. उद्या पोरीच्या हातून काही झालं, कुणाला लागलं, तर कंपनी आपल्याला ओळख देणार नाही. गाडी तुमच्या नावावर झाली तर पोरगी ती बिनघोर चालवील, आणि तो विमा मला परवडेलही. कायद्यानं त्याच्या वारस तुम्ही आहात. मामांच्या आधी तुम्ही.

त्यासाठी तुम्हाला धाराशिवला आरटीओत येऊन सही करावी लागेल. त्या कागदावर त्याच्या नावापुढं मयत असं लिहिलेलं असेल. तिथं गेल्यावर एकदम डोळ्यांसमोर येऊ नये म्हणून आधी सांगतोय.

आणखी एक. एकदा नाव बदललं की पुढच्या वर्षी फोन तुमच्या नावानं येईल. ती मुलगी त्याचं नाव घेणार नाही, आणि मामांना त्याच्या आवाजात बोलता येणार नाही. हे मला तुमच्यापासून लपवायचं नव्हतं.

तुम्ही नाही म्हणालात तर मी परत विचारणार नाही. पोरगी एसटीनं जाईल. फक्त मग गाडी रस्त्यावर कुणालाच काढू देऊ नका, मामांनाही नाही.

हो म्हणालात तर येत्या सोमवारी सकाळी मी न्यायला येतो. मामांना आधी तुम्ही सांगा. माझ्यानं ते व्हायचं नाही.

तुमचाच,
भाचा