राजधानीच्या हिरवळीवर ग्रामसभा

मोठीमाय म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. दिल्लीत तिला एकच गोष्ट पाहायची होती, जुनी गोल संसद. बल्लारशाहून गाडी सुटायच्या आधीच तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "संविधान जिथी बसून लिवलं, ते जागा मले पाह्यची हाये. बाकी तुमी काय पाह्यचं ते पाहा."

यामागे माझ्या वडिलांची पत्रकं होती. ते पिवळ्या-गुलाबी कागदावर संविधानातल्या हक्कांची पत्रकं छापून गावोगाव वाटायचे. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरच. मोठीमाय माझ्याही आधी शिकली, चाळिशी उलटल्यावर. एखादं वाक्य अडलं की ती त्याच्याशी भांडत बसायची, पण सोडायची नाही. पुढे तिच्या गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि बांबू गावाच्या निर्णयानं तुटू लागला. तेव्हा ती वडिलांना म्हणाली होती, "तुमच्या कागदात होतं ते खरं निंगालं, भाऊ."

वनहक्काच्या एका बैठकीसाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांतून आम्ही बारा जण दिल्लीला गेलो होतो. मी त्यांच्यातली लिहिणारी. बैठक संपली. शेवटच्या दुपारी आमच्यासोबत आलेल्या संस्थेच्या सरांनी आम्हाला इंडिया गेटजवळ उतरवलं. फेब्रुवारीचं कोवळं ऊन होतं. समोर तो रुंद, सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना हिरवळ आणि पार टोकाला टेकडीवर धुरकट दिसणारा राष्ट्रपती भवनाचा घुमट.

सर घड्याळ बघत म्हणाले, "रात्री परतीची गाडी आहे. दोन्ही होणार नाही. इथून पायी संसदेकडे जायचं, नाहीतर गाडीनं बाजारात. पटकन हात वर करा."

अकरा हात संसदेसाठी वर झाले. जिवतीकडचे एक भाऊ तेवढे हात खाली सोडून उभे होते. पहाडावर कापूस आणि ज्वारी करणारा, कमी बोलणारा माणूस.

"मी नाई येत तिकडं," ते म्हणाले.

"झालं मग!" मी म्हणाले. "अकरा विरुद्ध एक. चला."

कोणीच हललं नाही. मोठीमाय तर सरळ हिरवळीवर बसली. चपला काढून बाजूला ठेवल्या. तिच्या शेजारी आमच्यातल्या, मार्कंडा गावच्या बाई बसल्या आणि बघता बघता सगळ्यांचा गोल झाला. ते पाहून सरांनी कपाळाला हात लावला.

आमच्याकडे ग्रामसभेत हात मोजत नाहीत. एक जरी माणूस नाही म्हणाला तरी निर्णय होत नाही. त्याला कोणी चूक ठरवत नाही, विचारत राहतात. आणि ज्याचं काम असेल त्यानं सगळ्यात शेवटी बोलायचं असतं. म्हणजे त्या दुपारी मोठीमायला गप्प बसणं भाग होतं.

मला ते सहन होईना. "अवो, हिचं वय काय, गुडघे कसे, परत कोण आणणार हिला इथं?" मी उभ्यानंच म्हणाले. "एका माणसासाठी अकरा जणांनी अडून राहायचं, ही कुठली लोकशाही?"

"तू बस," मोठीमाय म्हणाली. "भाषन घरी दे."

"लिवणारी पोरगी हाये ना," मार्कंड्याच्या बाई म्हणाल्या, "थे उभी राह्यल्याबिगर तिच्या तोंडातून शबद नाई निंगत." सगळे हसले. मी बसले.

मग बाईंनी जिवतीच्या भाऊंकडे तोंड केलं. "काऊन वो भाऊ, बाजारात काय घ्याचं हाये? सुनेले साडी?"

"नाई."

"मंग पाय दुखून राह्यले?"

"पाय मले अजून वीस वर्सं पुरतीन." भाऊंनी गवताची काडी तोडली. दूर कुठेतरी फुगेवाल्याची पिपाणी वाजत होती. "तिकडं पोलीस हायेत," ते म्हणाले. "मी पाह्यलं, पावलोपावली. जंगलात जनम गेला माझा. वर्दीवाला दिसला का तो मलेच थांबवते. कुठी चालला, हातात काय हाये, कोनाले भेटला. दरवेळी मी एकटा. इतक्या दूर येऊन मी अखीन तसा उभा राह्यत नाई."

कोणी "घाबरू नका" म्हणालं नाही. कारण त्या गोलातल्या प्रत्येकाला कधी ना कधी असं उभं राहावं लागलेलं होतं. मलाही, कॉलेजच्या पिशवीत पत्रकं होती म्हणून.

आता मोठीमायची पाळी आली. "भाऊ नाई म्हणत असन तं नाई," ती म्हणाली. तिचा आवाज साधा होता, पण पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं मला दिसत होतं. "मी नाराज नाई होणार. तेच्या मनाविरुद्ध पाह्यलेलं मले दिसणारच नाई."

मग भाऊंनी सगळ्यांना विचारलं, "मले थांबवलं तं?"

"तं समदे थांबून," बाई म्हणाल्या. "तिथीच बसून. तुमाले सोडल्याबिगर कोनी उठणार नाई."

"मंजूर?"

एकेकानं म्हटलं, मंजूर. मीही म्हणाले. भाऊ शेवटी म्हणाले. मतदानाच्या हक्कावर माझा जीव आहे आणि कोणी त्याला हात लावला तर मी आजही रस्त्यावर उतरेन. पण त्या दिवशी, देशाचा कारभार जिथून चालतो त्या रस्त्याच्या कडेला, माझी माणसं कोणाला हरवल्याशिवाय निर्णय घेत होती. माझी छाती फुगली ती त्या सगळ्या दगडी इमारतींहून मोठी होईल इतकी.

आम्ही निघालो. मोठीमाय दर थोड्या अंतरावर थांबायची, गुडघा चोळायची आणि पुन्हा चालायची. विजय चौकात पोहोचलो. दोन्ही बाजूंच्या लाल-पिवळ्या दगडांच्या इमारतींकडे बघत आम्ही उजवीकडे वळायला गेलो, तेवढ्यात लोखंडी अडसरापाशी एका पोलिसानं हात आडवा केला.

"आगे नहीं जा सकते. पास है?"

जिवतीचे भाऊ जागीच थिजले. आणि ठरल्याप्रमाणे आम्ही बाकीचे अकरा जण खाली बसलो. मागून धापा टाकत आलेले सर मात्र उभेच.

पोलीस दचकला. "अरे! यहाँ धरना नहीं दे सकते! उठो, उठो!"

"धरना नहीं, साहब," सर घाईनं म्हणाले, "ये लोग…"

पण भाऊ मधेच बोलले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका मोठा ऐकला. "धरना नाई साब. हमारा ठराव हुआ है. मेरे को रोका तो सब बैठेंगे. ये बाई को गोल संसद देखना है. अंदर नाई जाना. बाहर से देखना है."

पोलिसानं बसलेल्यांकडे पाहिलं, गुडघा धरून बसलेल्या मोठीमायकडे पाहिलं. "कहाँ से आए हो?"

"जंगल से," मार्कंड्याच्या बाई खालूनच म्हणाल्या. "नव्या संसदेच्या दाराले आमच्याकडचं सागवान लागलं म्हणते. लकडे को अंदर छोड़ा, हमको पास मांगता?"

त्याला हसू आवरेना. त्यानं भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि रस्त्याच्या कडेची एक जागा दाखवली. "वहाँ से दिखता है. खड़े होकर देख लो. पर बैठना मत, भाई."

तिथून झाडांच्या वर, कुंपणाच्या पलीकडे ती दिसली. गोल, उंच खांबांची रांग वळत वळत पलीकडे गेलेली. वाटलं होतं त्यापेक्षा लांब होती. मोठीमायनं पदर डोक्यावर घेतला, हात जोडले नाहीत, फक्त ताठ उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. पत्रकातलं कुठलं वाक्य होतं ते मी विचारलं नाही.

सर मागून म्हणाले, "झालं ना? निघायला हवं."

"पाह्यलं मी," मोठीमाय म्हणाली आणि वळली. "चाला."

जिवतीचे भाऊ हलले नाहीत. दोन्ही हात कुंपणावर ठेवून ते खांब बघत होते.

"थांबा," ते म्हणाले. "माझं नाई झालं अजून."