ओली रीड

समोरच्या गॅलरीत संध्याकाळी पीटर अंकल येऊन बसतात, तेव्हा त्यांच्या ओठांत आइस्क्रीमच्या चपट्या चमच्यासारखं काहीतरी धरलेलं असतं. आम्ही इथे नवीन आलो तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्यांना काहीतरी चघळायची सवय असेल. मग कळलं, ती सॅक्सोफोनची रीड, बोरूची पातळ पट्टी. वाजवण्याआधी ती तोंडात धरून भिजवावी लागते, कोरडी राहिली तर सूर फाटतो.

अंकलनी उभं आयुष्य हॉटेलांत जॅझ वाजवला. लोक जेवत, गप्पा मारत, आणि हे डोळे मिटून वाजवत राहत. पुढे हॉटेलांतले बँड बंद झाले, मग लग्नांत वाजवलं. आता पुढचे दात गेलेत आणि कवळीवर ते वाद्य पेलत नाही. सॅक्सोफोन कपाटावर पेटीत पडून आहे.

"मग रीड कशाला भिजवता?" मी एकदा विचारलंच.

त्यांनी ती अलगद तोंडातून काढली. "कोणी बोलावलं तर? रेडी नको राहायला?"

मला हसू येणार होतं, पण आलं नाही. अंधार पडला तसे अंकल उठले. रीड रुमालाने पुसून, वाकडी होऊ नये म्हणून त्यांनी ती काचेच्या तुकड्यावर सपाट वाळत ठेवली.

मीही आत आले. लेक परदेशी जाऊन स्थिरावली, त्याला बरीच वर्षं झाली. तिच्या पलंगावरची न चुरगळलेली चादर काढून मी धुतलेली घातली.