तिन्ही शाखांत शांताक्का

शांताक्काची भाकरी खाताना माणूस आधी गप्प होतो आणि मग दुसरी मागतो. लोहाऱ्याच्या 'मातोश्री गंगव्वा भाकरी भवन'मध्ये ती बावीस वर्षं भाकऱ्या थापते आहे. रोज दोनशे, बाजाराच्या दिवशी तीनशे. पाटीवर मात्र लिहिलंय, 'आईच्या हातची चव'. ही आई म्हणजे मालक कल्याणप्पा ऊर्फ आप्पांच्या मातोश्री गंगव्वा. त्यांनी कधी पिठात हात घातल्याचं लोहाऱ्यात कुणाला आठवत नाही. त्यांच्याच घरी स्वयंपाकाला दोन बायका होत्या. पण फोटोत त्या छान दिसतात.

शांताक्काचा फोटो कुठंच नाही. ती बुटकी आहे, डाव्या गुडघ्यानं लंगडते, आणि तिच्या दोन्ही हातांची बोटं तव्यानं इतकी भाजून निघाली आहेत की आधारच्या मशीनला तिचा ठसा सापडत नाही. मोबाईलही तिचं बोट ओळखत नाही. सरकार आणि कंपनी, दोघांच्या लेखी ती नाहीच.

मी उत्कर्ष. धाराशिवला मोबाईलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत वेबसाईट बनवतो. आप्पांच्या नादी मी लागलो तो त्यांच्या तिसऱ्या शाखेमुळं. पहिली लोहाऱ्याची, दुसरी तामलवाडीला हायवेवर, आणि आता तिसरी धाराशिवला, एसीची. तीन दुकानं झाली की माणूस त्यांना साखळी म्हणायला लागतो आणि सोलापूरला सेमिनारला जातो. आप्पा तिथून 'गिऱ्हाईक केंद्रस्थानी' एवढे दोन शब्द घेऊन आले आणि महिनाभर तेच चघळत बसले.

"वेबसाईट नव्यानं करायची," ते मला म्हणाले. "गिऱ्हाइकाची गरज काय, ते बघून."

जुनी वेबसाईट मी पाहिली होती. उघडली की सनई वाजायची. मग हात जोडलेले आप्पा, मग हार घातलेले आप्पा, मग वाढदिवसाचा केक कापणारे आप्पा. जेवायला काय मिळतं ते सगळ्यात खाली, आडव्या पडलेल्या मेनूकार्डाच्या फोटोत. मान वाकडी करून वाचावं लागायचं. फोन नंबरात एक आकडा कमी होता. तीन वर्षांत ते आप्पांच्या लक्षात आलं नव्हतं, कारण स्वतःच्या हॉटेलात जागा आहे का, हे त्यांना कधी विचारावं लागलं नव्हतं.

आप्पांचा पुतण्या सोमेश पुण्याहून एमबीए करून आलेला. त्यानं गिऱ्हाइकाच्या गरजा आधीच शोधून ठेवल्या होत्या, लोहाऱ्याला न जाता. ड्रोननं काढलेला व्हिडिओ, टेबलाचं ऑनलाइन बुकिंग आणि 'आमची गाथा' नावाचं पान. वर नथ घातलेल्या एका देखण्या बाईचा फोटो, भाकरी करताना.

मी म्हणालो, एकदा गिऱ्हाइकाला तरी विचारू. लोहारा आणि तामलवाडी मिळून चार दिवस मी वही घेऊन बसलो, गल्ल्यावरचा फोनही उचलला. ड्रोन कुणीच मागितला नाही. गाथेबद्दल एकानंही विचारलं नाही. उमरग्याचा वकील असो, तेरखेड्याहून फटाके पोचवायला निघालेला ड्रायव्हर असो, प्रश्न एकच.

"आज अक्का हाय का?"

कारण अक्का एकाच जागी नसे. मंगळवारी आणि शुक्रवारी हायवेला देवीला जाणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून त्या दिवशी तिला भाजीच्या पिकअपमध्ये घालून तामलवाडीला नेत. पुढच्या सीटवर नाही. मागं, कोथिंबिरीच्या जुड्यांशेजारी. एरवी लोहारा. धाराशिवची एसी शाखा तिनं पाहिलीसुद्धा नव्हती.

तिला मी नथीच्या बाईचा फोटो दाखवला. तिनं मोबाईल लांब धरून बघितला.

"ही बाई भाकरी लाटती व्हय?"

खरंच, बाईच्या हातात लाटणं होतं. इतक्या जणांनी तो फोटो मंजूर केला होता, एकाच्याही डोळ्याला ते खुपलं नव्हतं, माझ्याही नाही.

"हिला सांग, लाटणं ठिव आन् ऊन पाण्यात हात घाल," म्हणत अक्का इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. मग हात पुसत तिनं विचारलं, "त्या वहीत सगळ्यांच्या गरजा लिवल्यास न्हवं? माझी लिव की एक."

"सांगा अक्का."

"सोमवार. एक सोमवार सुट्टी. बावीस वर्सं मागतीया. आप्पा म्हणत्यात, फुडच्या म्हैन्यात बघू."

"सुट्टीत काय करणार?"

"गरम भाकरी खाणार," ती म्हणाली. "दुसऱ्यानं थापलेली. ताटावर बसून."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. ती जेवायची दुपारी चारला, सगळ्यांचं आटोपल्यावर. उरलेल्या, मोडलेल्या, गार भाकऱ्या. जिच्या गरम भाकरीसाठी लोक वीस किलोमीटर वाट वाकडी करत होते, तिच्या तोंडात बावीस वर्षांत एक गरम घास गेला नव्हता. मला लाज वाटली. मी त्या चार दिवसांत तिच्या सोळा भाकऱ्या हाणल्या होत्या.

सोमवार मी वहीत लिहिला आणि आप्पांना वाचून दाखवला. "हे गिऱ्हाइकाच्या गरजेत बसत न्हाय," आप्पा म्हणाले. सोमेशनं मान डोलावली.

नवी वेबसाईट मी साधी केली. उघडली की तीन शाखांची नावं आणि ज्या शाखेत अक्का असेल तिच्यापुढं हिरवा ठिपका. 'अक्का आज इथं.' खाली भाव, फोन नंबर, सगळे आकडे धरून, आणि अभिप्रायाची जागा. आप्पांच्या हट्टाखातर केकचा फोटो ठेवला, पण पार तळाला.

पहिल्याच आठवड्यात ठिपक्यानं कमाल केली. ठिपका लोहाऱ्याला असला की लोहाऱ्यात बसायला जागा नाही, तामलवाडीला असला की तिथं हायवेपर्यंत गाड्या. धाराशिवला मात्र एसी चालू, भिंतीवर बैलगाडीचं चित्र, आणि वाढपी माशा मारतायत. एसीत माशा कमी, म्हणून तेही काम पुरत नव्हतं.

आप्पा तणतणत माझ्या खोलीवर आले. "तिन्हीकडं हिरवा लाव!"

"आप्पा, अक्का एक आहे."

"वेबसाईटवर तीन कर."

"काका, याला एकसमान अनुभव म्हणतात," सोमेश म्हणाला.

आणि मी लावला. दोन मिनिटांचं काम. गिऱ्हाइकाची गरज, गिऱ्हाइकाची गरज म्हणून गळा काढणारा मी, मालकाचा आवाज चढल्याबरोबर शेपूट घातलं. वर आप्पांनी तिन्हीकडच्या वाढप्यांना पढवून ठेवलं, कुणी विचारलं तर सांगायचं, भाकरी शांताक्काचीच.

पंधरा दिवसांनी तेच उमरग्याचे वकील लोहाऱ्यात जेवायला आले आणि चुलीपाशी डोकावून म्हणाले, "अक्का, परवा धाराशिवला तुमची भाकरी खाल्ली. वय झालं का? हात बिघडला की तुमचा."

अक्कानं मला फोन लावायला लावला, दुसऱ्याच्या बोटानं. ती म्हणाली, "बावीस वर्सांत हात बिघडला असं कुणी म्हणालं न्हाय रं मला. म्या त्या गावाला गेलेबी न्हाय." मी सगळं कबूल केलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. "बरं," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवून दिला.

रविवारी संध्याकाळी तिनं आप्पांना सांगितलं, उद्या येणार नाही.

"सोमवारी? धंद्याच्या दिवशी?"

"धंद्याला काय हुतंय आप्पा? तुमच्या वेबसाईटवर म्या तिन्हीकडं हायच की. एका शांताक्काचा खाडा झाला तर दोघी हायत्याच."

हे मला नंतर गल्ल्यावरच्यानं सांगितलं.

सोमवारी सकाळी ती एसटीनं धाराशिवला आली. मला म्हणाली, "चल, जेवायला." हातमागाचं धुवट लुगडं, कपाळाला विभूती. भाकरी भवनात शिरली आणि खिडकीपाशी मधल्या टेबलावर बसली. खुर्चीवर नीट टेकायला तिला दोन मिनिटं लागली. आपल्याच मालकाच्या हॉटेलात ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसत होती.

दोन ताटं आली. भाकरीतून वाफ निघत होती. कडा फाटलेल्या, जुन्या पिठाची विरी म्हणजे चिकटपणा गेला की थापताना अशा फाटतात.

"भाकरी कुणी केली?" तिनं वाढप्याला विचारलं.

"शांताक्कानं," तो छाती काढून म्हणाला. "बावीस वर्सांचा हात हाय मावशी. वेबसाईटवर बघा."

मी त्याला सांगणार होतो, तिनं डोळ्यांनी गप्प केलं. भाकरीचा तुकडा मोडला, झुणक्याला लावला आणि खाल्ला. दुसरा खाल्ला. मी विचारलं, कशी आहे.

"चव न्हाय," ती म्हणाली. "पर गरम हाय." आणि डोळे पुसले. ठेच्यानं नव्हे, ठेच्याला तिनं हात लावला नव्हता.

वाढप्यानं रिवाजाप्रमाणं अभिप्राय मागितला. अक्कानं माझा मोबाईल माझ्याच हातात दिला. "लिव. म्या सांगती."

तिनं सांगितलं, मी लिहिलं. नाव: शांताक्का, लोहारा. अभिप्राय: 'ही भाकरी म्या केलेली न्हाय.'

आमच्या वेबसाईटवर अभिप्राय दिसण्याआधी मंजुरीला येतो, आणि मंजुरी देणारा मीच. या वेळी दोन मिनिटंही लागली नाहीत. तो सगळ्यात वर लावला, तळाच्या केकच्या फोटोला आणखी खाली दडपून, आणि तिन्ही हिरवे ठिपके पुसून टाकले.

पाच मिनिटांत आप्पांचा फोन वाजायला लागला. मी उचलायला हात पुढं केला, तेवढ्यात अक्कानं माझं ताट माझ्याकडं सरकवलं.

"आदी खा," ती म्हणाली. "गार भाकरी कशी लागती, ते मला ठावं हाय."